प्रोग्रॅमिंगच्या मासिकाची वर्गणी भरण्याआधी

तीन वर्षांची वर्गणी एकरकमी भरली, चौदा अंक आले आणि मासिक बंद पडलं. उरलेल्या बावीस अंकांच्या बदल्यात त्याच प्रकाशकाचं दुसरं मासिक घरी येऊ लागलं. ते मोबाइल फोनच्या परीक्षणांचं. मला हवं होतं सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरचं. पैसे परत मागायला फोन केला तर पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, फॉर्मच्या मागे लिहिलंय बघा." बघितलं. खरंच लिहिलं होतं, मुंगीच्या अक्षरात.

त्याला बरीच वर्षं झाली. नंतर स्वतःसाठी, ऑफिसातल्या कपाटासाठी आणि एकदा भाचीच्या कॉलेजच्या ग्रंथालयासाठी मासिकं निवडायची वेळ आली आणि हळूहळू एक पद्धत बसत गेली. तिचा गाभा एवढाच की ताजा अंक बघून वर्गणी भरायची नाही, दोन वर्षांपूर्वीचा अंक बघून भरायची. ताजा अंक कुठल्याही मासिकाचा बराच दिसतो, कारण मुखपृष्ठावर त्या महिन्यात जे गाजतंय तेच असतं. दोन वर्षांनी त्यातलं काय शिल्लक राहिलं हे बघितलं की संपादकाची नजर कळते.

आधी कारण लिहून काढा

मासिक कशाला हवंय, याचं उत्तर एका वाक्यात कागदावर लिहा. "अपडेट राहायला" हे उत्तर चालणार नाही. त्या कामासाठी मासिक हे सगळ्यात संथ साधन आहे. लेख लिहिला जातो, तपासला जातो, त्याची मांडणी होते, मग छपाई. अंक हातात पडेपर्यंत दोन-तीन महिने सहज गेलेले असतात. तेवढ्यात फ्रेमवर्कची, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर प्रोग्रॅम उभा करतात त्याची, पुढची आवृत्ती आलेली असते.

नवी भाषा पहिल्यापासून शिकायची असेल तरी मासिकाच्या नादी लागू नका. लेखमालेचा तिसरा भाग येतो तेव्हा पहिला विसरलेला असतो, आणि दुसरा अंक नेमका पोस्टात हरवलेला असतो. त्यापेक्षा एक चांगलं पुस्तक घ्या. अडलेल्या एररचं उत्तर तर आता कोणीच मासिकात शोधत नाही.

मग उरतं काय? जे शोधावं असं आपल्याला सुचलंच नसतं, ते. मी डेटाबेस आणि सर्व्हरच्या बाजूचा माणूस. अक्षर पडद्यावर कसं उमटतं, फॉन्टमधून जोडाक्षर कसं जुळवलं जातं, हे मी आपणहून कधी वाचलं नसतं. एका अंकात त्यावर सहा पानांचा लेख होता, रेल्वेत वाचला आणि विसरलो. चार महिन्यांनी आमच्या सिस्टिममधून निघणाऱ्या पीडीएफ बिलांवर "लक्ष्मण" हे नाव "लक्" आणि "ष्" असं हलन्तांसकट तुकड्यांत छापलं जायला लागलं. सगळे डेटाबेसच्या एन्कोडिंगवर, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीवर, संशय घेत बसले होते. मला तो लेख आठवला. एन्कोडिंग ठीक होतं; पीडीएफ बनवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) अक्षरजुळणीची पायरीच गाळत होती. मासिकाचा उपयोग होतो तो असा, आडून.

दुसरी गोष्ट म्हणजे संपादक. पैसे खरं तर त्याचेच. १९६८ च्या मार्चमध्ये डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांचं गो-टू (प्रोग्रॅमला मधूनच दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणारं विधान) विरोधातलं प्रसिद्ध पत्र एसीएम या संगणकवाल्यांच्या संघटनेच्या 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकात आलं. डायक्स्ट्रांनी दिलेलं शीर्षक साधं होतं, गो-टू विधानाविरुद्ध एक युक्तिवाद अशा अर्थाचं. निकलाउस विर्थ तेव्हा संपादनाचं काम बघत होते. त्यांनी मजकूर लवकर छापता यावा म्हणून त्याला लेखाऐवजी संपादकाला पत्राचं रूप दिलं आणि 'कन्सिडर्ड हार्मफुल', म्हणजे 'घातक मानलेलं', हे शेपूट असलेलं शीर्षक लावलं. पुढची पन्नास वर्षं जगभरचे प्रोग्रॅमर त्या शीर्षकाच्या नकला करत आलेत. लेखकाच्या मजकुरावर असा हात फिरवणारं कोणी मासिकात नसेल, तर आपण नुसत्या लेखांच्या गठ्ठ्याला पैसे देतोय.

काय जिवंत आहे, काय गेलं

या धंद्यातली स्मशानयात्रा लांब आहे, ती एकदा बघून घ्या म्हणजे तीन वर्षांच्या सवलतीचा मोह आवरतो. 'बाइट' १९७५ साली सुरू झालं आणि १९९८ मध्ये छपाईतून गेलं. 'डॉक्टर डॉब्ज जर्नल' १९७६ चं. घरगुती संगणकांसाठी टायनी बेसिक या छोट्या भाषेचा कोड पानांवर छापून वाटायचा, इथून त्याची सुरुवात. २००९ मध्ये त्याचा स्वतंत्र छापील अंक थांबला, २०१४ अखेर नवं लिखाणही. मायक्रोसॉफ्टचं 'एमएसडीएन मॅगझिन' २०१९ च्या नोव्हेंबर अंकासोबत संपलं. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या 'लिनक्स जर्नल'ने तर दोनदा निरोप घेतला: १९९४ मध्ये जन्म, २०११ मध्ये कागद बंद, २०१७ अखेर बंदची घोषणा, लगेच पुनर्जन्म, २०१९ मध्ये पुन्हा बंद, आणि २०२० मध्ये नव्या मालकाकडे संकेतस्थळ म्हणून परत. इंग्लंडचं 'लिनक्स फॉरमॅट' पंचवीस वर्षं चालून २०२५ मध्ये थांबलं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचं घरचं मासिकही टिकलं नाही, तर "मोठा प्रकाशक आहे" या भरवशाला फार अर्थ नाही.

गेलं म्हणजे वाया गेलं असं मात्र नाही. 'बाइट' आणि 'डॉक्टर डॉब्ज'चे जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले सापडतात. 'बाइट'चा ऑगस्ट १९८१ चा स्मॉलटॉक या भाषेवरचा विशेषांक एकदा चाळाच. मुखपृष्ठावर रॉबर्ट टिनी यांनी रंगवलेला गरम हवेचा फुगा आहे, आणि ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेला घटक) ही कल्पना पहिल्यांदा समजावून सांगताना माणसं किती धीराने लिहीत हे आत दिसतं. एक रुपया न भरता.

आता चालू असलेल्यांकडे वळू. सगळ्यांची यादी देत नाही, जी मी वाचलीत आणि ज्यांच्याबद्दल मत आहे तेवढीच.

भारतात छापलं जाणारं आणि सहज मिळणारं म्हणजे दिल्लीचं 'ओपन सोर्स फॉर यू'. १९६९ पासून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' काढणाऱ्या घराचंच हे. २००३ मध्ये 'लिनक्स फॉर यू' या नावाने सुरू झालं, २०१२ मध्ये नाव बदललं. इथले बरेचसे लेखक भारतीय कंपन्यांत आणि कॉलेजांत काम करणारे. त्यामुळे उदाहरणं ओळखीची वाटतात, पण लेखांचा दर्जा एकाच अंकात वर-खाली होतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या इंजिनीअरिंगच्या मुलांना मी हेच सुचवतो. दहा वर्षं काम केलेल्याला नाही.

ज्यांनी नव्वदच्या दशकात किंवा दोन हजारच्या आगेमागे संगणक घेतला त्यांना 'पीसीक्वेस्ट' आठवत असेल. तेव्हा डायल-अपवर लिनक्स उतरवायचं म्हणजे टेलिफोनचं बिल आणि वडिलांचा आवाज दोन्ही चढायचे. मासिकासोबत येणाऱ्या सीडीवर अख्खं लिनक्स मिळायचं. आम्ही अंक सीडीसाठी घ्यायचो आणि लेख फुकट पडायचे. त्या सवयीचं एक शेपूट अजून आपल्यात आहे: सोबत काय फुकट मिळतंय ते आधी बघायचं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मासिकाने डिसेंबर २०१५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर चक्क पाय झीरो हा अख्खा संगणकच चिकटवून दिला होता. तेवढ्यासाठी एक अंक विकत घेणं शहाणपणाचं. वर्षभराची वर्गणी हा वेगळा प्रश्न.

ज्यांना खोल पाण्यात उतरायचंय त्यांच्यासाठी एसीएमची दोन नियतकालिकं. 'कम्युनिकेशन्स' १९५८ पासूनचं, आणि २०२४ पासून ते संकेतस्थळावर सगळ्यांना खुलं आहे, जुन्या मजकुरासकट. 'एसीएम क्यू' प्रत्यक्ष सिस्टिम चालवणाऱ्या इंजिनीअरांसाठी, दर दोन महिन्यांनी, तेही मोफत. या दोन्हींना पैसे भरावे लागत नाहीत हे माहीत नसल्यामुळे लोक दुय्यम मासिकांना पैसे भरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आयईईई या इंजिनीअरांच्या संघटनेचं 'आयईईई सॉफ्टवेअर' द्वैमासिक आहे. आर्किटेक्चर, टेस्टिंग, टीम चालवणं यांत रस असेल तर. त्याची भाषा थोडी प्रबंधी आहे, सवय लागायला वेळ जातो.

एकाच भाषेवर जगणाऱ्यांसाठी पर्याय कमी पण नेटके. सी++ वाल्यांनी ब्रिटनच्या एसीसीयू संघटनेचं 'ओव्हरलोड' वाचावं. मोफत आहे आणि लेखांवर सभासदांनी केलेली तपासणी वाचताना जाणवते. पीएचपीवर पोट असेल तर 'पीएचपी आर्किटेक्ट' २००२ पासून चालू आहे. डॉट नेटवाल्यांना 'कोड मॅगझिन'. आणि ज्यांना लांबलचक लेख झेपत नाहीत त्यांनी 'पेज्ड आउट' उतरवून घ्यावं: एक लेख, एक पान, मोफत पीडीएफ. काही पानं निव्वळ खोडसाळ आहेत आणि तीच मला सगळ्यात आवडतात.

जर्मनीत नोकरीसाठी गेलेले आपल्याकडचे बरेच जण भाषा शिकताना हाइझे प्रकाशनाचं 'त्सेटे' किंवा 'इक्स' घेतात. रोजच्या जर्मनपेक्षा तांत्रिक जर्मन लवकर कळतं, कारण अर्धे शब्द ओळखीचे असतात. भाषेचा बी-वन (मधला) टप्पा ओलांडल्यावर घ्या, आधी नको.

आता मुख्य काम: तीन अंकांची परीक्षा

दोन-तीन नावं नक्की झाली की प्रत्येकाचे तीन अंक मिळवा. एक दोन वर्षांपूर्वीचा, एक सहा महिन्यांपूर्वीचा, एक ताजा. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर नमुना अंक असतो, पण तो त्यांनी निवडलेला, म्हणजे लग्नाच्या फोटोसारखा. तो नको. जुना अंक कॉलेजच्या ग्रंथालयात, ऑफिसातल्या एखाद्या सीनिअरच्या खणात, रद्दीच्या दुकानात किंवा सुटा विकत मिळतो. सुट्या अंकाचे पैसे गेले तरी वर्षाच्या वर्गणीपेक्षा कमीच जातात.

एक शनिवार सकाळ राखून ठेवा. पेन्सिल घ्या. आधी जुन्या अंकाची अनुक्रमणिका उघडा आणि प्रत्येक लेखासमोर तीनपैकी एक खूण करा. आजही वाचावासा वाटतो त्याला बरोबरची खूण. कोड मेलाय पण कल्पना जिवंत आहे, त्याला अर्धी खूण. दोन्ही मेलंय त्याला फुली.

अर्धी खूण महत्त्वाची, म्हणून जरा थांबतो. समजा एखादा जुना लेख पायथन या भाषेच्या जुन्या आवृत्तीत, पायथन २ मध्ये आहे. पायथन २ चा आधार (निर्मात्यांकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या) १ जानेवारी २०२० ला संपला, त्यातली प्रिंटची ओळ आज जशीच्या तशी चालणार नाही. पण लेख मोठ्या फाइलमधली पुनरावृत्ती मेमरी न भरता कशी शोधायची यावर असेल, तर त्याला काही झालेलं नाही; कंस टाकले की झालं. उलट "अँग्युलरजेएसमध्ये दहा मिनिटांत टू-डू अ‍ॅप" हा लेख घ्या. अँग्युलरजेएस या वेब-फ्रेमवर्कचा आधार २०२१ अखेर संपला आणि लेखात त्यापलीकडे काही नव्हतंच. फुली. अंकातल्या दहा लेखांपैकी चारांना तरी पूर्ण किंवा अर्धी खूण मिळाली पाहिजे, हा माझा आकडा आहे. कुठल्या शास्त्रातून आलेला नाही.

मग ताज्या अंकातला एक लेख निवडा, तुमच्या कामाच्या जवळचा, आणि त्यातला कोड खरोखर चालवून बघा. वाचून मान डोलावू नका, टाइप करा. १९८० च्या दशकात 'कॉम्प्यूट' नावाचं मासिक लांब लांब प्रोग्रॅम छापायचं आणि वाचक ते रात्रभर टंकत बसायचे. एक आकडा चुकला तरी सगळं ठप्प, म्हणून १९८३ पासून त्यांनी प्रत्येक ओळीचा पडताळा आकडा देणारी छोटी सोय केली. वाचक कोड चालवणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आजच्या मासिकाने तेवढं तरी गृहीत धरावं. कोड कुठल्या आवृत्तीवर चालवून बघितला ते लेखात लिहिलंय का? पूर्ण कोड उतरवून घ्यायची सोय आहे का? दुवा उघडतोय का? मी तपासलेल्या एका अंकात पाचपैकी तीन दुवे मेलेले होते. ते मासिक तिथेच बाद.

कोड चालला म्हणून बरोबर असतो असंही नाही. बायनरी सर्चचं (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी निम्मी यादी वगळत शोधायचं) उदाहरण या धंद्यात मुरलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. दोन टोकांची बेरीज करायची, दोनने भागायचं, मधला क्रमांक मिळतो. कागदावर निर्दोष. पण ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २१४ कोटींच्या आसपासची संख्या मावते. खालचं टोक १५० कोटी आणि वरचं १६० कोटी असेल तर बेरीज ३१० कोटी, ती मावत नाही, आकडा उलटून ऋण होतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. जावा या भाषेच्या प्रमाण लायब्ररीत ही चूक वर्षानुवर्षं होती. २००६ मध्ये तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली. उपाय एका ओळीचा: वरच्या टोकातून खालचं वजा करून त्याचा अर्धा खालच्या टोकात मिळवा. तुमच्या मासिकातला लेखक इतका बारीक असावा अशी माझी अपेक्षा नाही. वाचकाने अशी चूक दाखवल्यावर मासिक काय करतं, ते मात्र बघा.

त्यासाठी सहा महिन्यांपूर्वीचा अंक. त्यात आणि त्याच्या पुढच्या एक-दोन अंकांत चूकदुरुस्ती आणि वाचकांची पत्रं शोधा. दुरुस्ती छापलेली दिसली की मला बरं वाटतं. वर्षभरात एकही दुरुस्ती नसेल तर त्याचा अर्थ चुका होत नाहीत असा घेऊ नका. कोणी वाचत नाही, किंवा वाचलेलं कोणी संपादकापर्यंत पोहोचवत नाही.

शेवटी लेखकांचा परिचय वाचा, लेखाच्या तळाशी असतो तो. क्लाउड सेवेवरच्या लेखाचा लेखक त्याच सेवेच्या विक्री विभागात आहे का? एखादा असा लेख चालतो, कंपनीतल्या माणसालाच आतलं माहीत असतं. पण अंकातले निम्मे लेख असे असतील आणि समोरच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात असेल, तर आपण जाहिरातीच्या पुस्तिकेला वर्गणी भरतोय. जाहिराती मोजा, लाजायचं कारण नाही. एकदा मी ८४ पानांच्या अंकात ३१ पानं जाहिराती मोजल्या होत्या, आणि "विशेष विभाग" नावाच्या आठ पानांच्या तळाशी बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं सापडलं ते वेगळंच.

जोडअंक दिसला की सावध

मराठी मासिकं वाचून वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. जून-जुलै जोडअंक, मग ऑगस्ट-सप्टेंबर जोडअंक, मग "काही अपरिहार्य कारणास्तव". तांत्रिक मासिकंही याच वाटेने जातात. मासिकाचं द्वैमासिक होणं, पानं ९६ वरून ८० वर येणं, कागद पातळ होणं, जुनी सदरं न सांगता गायब होणं, संपादकाचं नाव वर्षात दोनदा बदलणं, जुनेच लेख "सर्वोत्तम निवडक" म्हणून परत येणं. एक खूण असेल तर काही नाही. तीन असतील तर सहा महिन्यांचीच वर्गणी भरा, किंवा सुटे अंक घ्या. माझं ते चौदा अंकांचं मासिक शेवटच्या पाच अंकांत यातल्या चार खुणा दाखवत होतं. मी त्या बघितल्या होत्या आणि "कागद महाग झाला असेल" म्हणून सोडून दिल्या होत्या.

कागद की पीडीएफ

डोळ्यांना आणि डोक्याला कागद बरा, हे माझं मत. पण कोडच्या बाबतीत कागदाचा त्रास खरा आहे: ओळ लांब असली की मध्येच मोडते आणि मोडल्याची खूण म्हणून टाकलेला बाण नवशिका कोडचाच भाग समजतो. पोस्टाचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टचे अंक ओले किंवा उशिरा, हे धरून चाला. पत्त्यात पिनकोड नीट भरा. अर्धे अंक तिथेच हरवतात. (हा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पत्त्याची अशी शिस्तशीर रचना सुचायला व्याकरण पक्कं असावं लागतं बहुतेक.)

पीडीएफमध्ये शोधता येतं, जागा लागत नाही, पण कोड कॉपी करताना तीन गोष्टी छळतात. सरळ अवतरणचिन्हं गोल झालेली असतात, वजाबाकीच्या चिन्हाच्या जागी लांब रेघ आलेली असते, आणि पायथनमधली सुरुवातीची मोकळी जागा गळून पडते. म्हणून नमुना अंकातून एक तुकडा कॉपी करून चालवून बघणं हीसुद्धा परीक्षाच. पीडीएफसोबत इपब (पडद्याच्या मापाप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी फाइल) मिळत असेल तर फोनवर वाचणाऱ्यांनी ते घ्यावं, दोन स्तंभांचं पान फोनवर वाचणं ही शिक्षा आहे.

एक प्रश्न वर्गणीआधी ईमेल करून विचाराच: वर्गणी संपल्यावर जुने अंक माझ्याकडे राहणार का? फाइल उतरवून घेता येत असेल तर राहतात. नुसत्या अ‍ॅपमध्ये वाचायचे असतील तर वर्गणी संपली की कपाटाला कुलूप. मॅग्झटरसारख्या अ‍ॅपवर एकाच वर्गणीत शेकडो मासिकं मिळतात, तिथेही हाच हिशोब लावा. चाळायला छान, साठवायला नाही. उत्तर किती दिवसांत आणि किती नीट आलं, त्यावरून वर्गणी विभागाचीही परीक्षा होते.

पैशांचा भाग

समजा वार्षिक वर्गणी १,८०० रुपये, अंक बारा. प्रत्येक अंक १५० ला पडला. तीन अंकांच्या परीक्षेत तुमच्या कामाचे लेख अंकामागे दोन निघाले असतील, तर एक लेख ७५ रुपयांना. तो लेख तुम्ही ७५ रुपये देऊन सुटा घेतला असता का? मनातून "हो" आलं तर पुढे जा. बहुतेकदा इथेच उत्तर मिळतं.

वर्गणी एक वर्षाची. तीन वर्षांवर चाळीस टक्के सवलत असली तरी एकच वर्ष. का ते वर सांगितलंय.

परदेशी मासिकाला कार्डाने पैसे भरताना बँक परकीय चलनाचा अधिभार लावते. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, वर त्या अधिभारावर जीएसटी. साठ डॉलरच्या वर्गणीवर दोन डॉलरच्या वर असेच जातात. त्यात छापील अंकाचं परदेशी टपाल धरलं तर वर्गणीपेक्षा टपालच जड होतं, म्हणून परदेशी मासिक घ्यायचं तर डिजिटल.

आपोआप नूतनीकरणाचं जरा वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार कार्डावरून दरवेळी आपोआप पैसे कापायचे असतील तर आधी तुमची रीतसर मंजुरी लागते, आणि कापण्याच्या किमान २४ तास आधी बँक कळवते. १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही. तो मेसेज जाहिरातीचा समजून पुसू नका. नको असलेली वर्गणी थांबवायचा तोच दिवस. दुसरी बाजू अशी की अनेक परदेशी प्रकाशकांकडे ही मंजुरीची सोयच नसते. मग पैसे कापले जात नाहीत आणि वर्गणी गुपचूप तुटते. दोन महिने अंक आला नाही की लक्षात येतं.

भरण्याआधी आणखी एक चक्कर मारा, ग्रंथालयाकडे. इंजिनीअरिंग कॉलेजांत आयईईईचं डिजिटल ग्रंथालय बऱ्याचदा आधीच घेतलेलं असतं आणि मुलांना त्याचा पत्ता नसतो. सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे, त्यात तुमच्या संस्थेला काय काय उघडतं ते ग्रंथपालांना विचारा. भाचीच्या कॉलेजात मी यादी घेऊन गेलो होतो. ग्रंथपाल बाईंनी यादी वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "यातली दोन आपल्याकडे येतात. वाचायला कोणी येत नाही." यादीतली दोन नावं तिथेच खोडली.

ऑफिससाठी घेत असाल तर संस्थेचा दर वेगळा असतो आणि तो भरा. एका माणसाच्या लॉगिनवर वीस जणांनी वाचायचं, हे आपल्याकडे चालून जातं. पण ही मासिकं किती थोड्या पैशांवर तगून असतात ते वर बघितलंच.

पहिले तीन महिने

अंक आला की त्याच आठवड्यात एक लेख पूर्ण वाचा. सगळा अंक वाचायचं ठरवलं की तो उशाशी जातो, तिथून पुढच्या अंकाखाली. माझी वेळ ठरलेली आहे, रविवारी सकाळचा दुसरा चहा. वाचलेल्या लेखाच्या वर तारीख आणि एक ओळ लिहितो, कधी नुसतं "फालतू". पीडीएफ असेल तर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये.

तिसऱ्या महिन्यानंतर त्या ओळी मोजा. तीन अंकांत तीन ओळीही नसतील तर मासिक वाईट असेल किंवा तुमचे दिवस धकाधकीचे असतील. दोन्हींत नूतनीकरण थांबवायचं. मी वर्गणी भरतो त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये दहाव्या महिन्याची नोंद टाकतो: "चालू ठेवायचं का? ओळी मोज." अकराव्या महिन्यात "शेवटची संधी, निम्म्या दरात" असे ईमेल सुरू होतात, त्याच्या आधी निर्णय झालेला बरा.

वर्षाच्या शेवटी पूर्ण खूण मिळालेले लेख पिना काढून सुटे करतो आणि फाइलला लावतो. बाकीचा अंक रद्दीत. त्या चौदा अंकांतले पाच लेख अजून फाइलमध्ये आहेत. त्यातला मेमरीच्या वाटपावरचा एक मागच्या महिन्यात टीममधल्या नव्या मुलीला वाचायला दिला. मोबाइलच्या मासिकाचे बावीस अंक रद्दीवाल्याने ग्लॉसी कागद म्हणून कमी भावाने घेतले.